सक्तीचे विषय

पुढच्या वर्षापासून प्रत्येक मुलाने कोणते विषय शिकायलाच हवेत, हे ठरवायला आम्ही शिक्षक त्या दुपारी शाळेत बसलो होतो. मी मराठी शिकवते, म्हणून भाषेसाठी भांडत होते. गणिताचे देशमुख सर हसून म्हणाले, "बाई, कवितेवर पूल उभे राहत नाहीत हो."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. "हं, बोल," एवढं म्हणाले आणि नुसतं ऐकत राहिले. मग फोन खाली ठेवून आमच्याकडे बघत म्हणाले, "धाकटा भाऊ गेला. सकाळीच बोललो होतो त्याच्याशी."

कुणी पंखा वाढवला, कुणी पाणी आणलं. सरांना चपलेत पाय घालता येईना, आणि आम्ही सगळे उभे राहून ते बघत होतो. जन्मभर शब्द शिकवत आले मी. तोंडातून "सावरा सर" एवढंच निघालं, तेही त्यांना ऐकू गेलं नसावं.

दुःखाने सुन्न झालेल्या माणसाजवळ कसं उभं राहायचं, हे आमच्यातल्या एकालाही येत नव्हतं. कुठल्या इयत्तेत शिकवायचं हे? आणि शिकवणार कोण?

देशमुख सरांना रिक्षात घालून मुख्याध्यापक घरी पोहोचवून आले. खुर्चीत बसले आणि घसा खाकरून म्हणाले, "तर आपण भूगोलापर्यंत आलो होतो."

आम्ही माना डोलावल्या.