झाडून काढलेली बाग

बाग वाचली, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. उगाच कुणाचा जीव टांगणीला नको. थोडी फळं गळाली, शेंड्याकडची काही पानं करपली, पण झाडं उभी आहेत आणि बघून डोळे निवावेत अशी हिरवी आहेत. आता ही बाग घालवायला कोण निघालं होतं आणि मग वाचवली कुणी, तर दोन्हींचं उत्तर एकच. फिनेलमावशी.

हे नाव तिला इस्पितळात पडलं. तिथल्या फरशा पुसण्यात तिनं उभी हयात घालवली. ती वॉर्डात शिरायच्या आधी तिच्या बादलीचा वास शिरायचा, आणि तो वास आला की सलाइन लावलेला पेशंटसुद्धा पलंगाखालच्या चपला पायानं सरळ करायला बघायचा. डॉक्टरांना ती घाबरत नसे, डॉक्टरच तिला दबून असत. ओल्या फरशीवर कुणाच्या बुटाचा ठसा उमटला की ती त्या माणसाकडे नुसती बघायची. पुढच्या वेळी तो माणूस भिंतीला घासून चालायचा. लग्न का केलं नाही असं कुणी विचारलं तर "घरात पसारा होतो" म्हणायची, आणि विषय तिथंच मिटायचा.

निवृत्त झाल्यावर इस्पितळानं दिलेली खोली सोडावी लागली. धाकटा भाऊ ट्रक घेऊन आला आणि तिला सामानासकट उचलून घरी घेऊन गेला. हा भाऊ लांब पल्ल्याचा ट्रक चालवतो, घरी असतो कमी आणि रस्त्यावर जास्त. घरामागच्या उतारावर त्याची अॅव्होकाडोची बाग आहे. त्याची म्हणायची एवढंच, बघते सगळं भावजय. छाटणी ती करते, पाणी ती सोडते, फळं उतरवायला बायका लागतात त्याही तीच गोळा करून आणते.

भावजय बोलायला कमी. मावशी आली त्या दिवशी ती म्हणाली, "ताई, खूप केलंत आयुष्यभर. आता आराम करा." चांगल्या मनानं म्हणाली बिचारी. पण मावशीनं त्याचा अर्थ काढला, की बाई गं, तुझं इथं काही काम नाही. नणंद-भावजयीत सरळ वाक्याला असा फाटा फुटतोच, त्याला काही इलाज नाही. मावशीनं भांडी घासायला जावं तर ती घासून पालथी घातलेली. केर काढावा तर काढलेला. आयतं बसून दोन वेळा जेवायचं तिच्या जिवावर यायचं. आपलं या घरात ओझं झालंय आणि हे लोक भिडेखातर बोलत नाहीत, असं तिनं मनाशी पक्कंच करून टाकलं. त्यांनी तसं कधी डोळ्यांनीही दाखवलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी.

अशात भावजयीच्या आईच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं, आणि तिला थोडे दिवस माहेरी जावं लागलं. जाताना म्हणाली, "पाणी देऊन ठेवलंय. तुम्ही फक्त कोंबड्यांना दाणे टाका, बागेकडे बघायला नको." कोंबड्यांना दाणे टाकायला कितीसा वेळ लागतो? मावशी मोकळीच. फिरत फिरत बागेत गेली आणि जागच्या जागी थबकली.

झाडांखाली पाचोळाच पाचोळा. अॅव्होकाडोचं झाड सदा हिरवं, पण पानं मात्र सदा टाकत असतं, त्यामुळे घोटा बुडेल एवढा थर साचलेला. पाऊल टाकलं की कुरकुर वाजायचा. मावशीच्या अंगावर काटा आला. इतकी टापटिपीची बाई आणि बागेची ही दशा? मग तिला भावजयीची दया आली. एकटी कुठं कुठं पुरणार, राहून गेलं असेल. आणि त्या दयेच्या पाठोपाठ तिला इतका आनंद झाला की काही विचारू नका. या घरात एक काम शिल्लक होतं.

तिनं कंबर कसली. सकाळी लवकर सुरू करायची ती ऊन चढेपर्यंत, पुन्हा उन्हं उतरल्यावर. एकेका झाडाखाली वाकून, फांदीखाली शिरून, खोडाच्या बेचक्यात अडकलेलं पान बोटांनी काढून तिनं अख्खी बाग झाडली. जमीन अशी दिसायला लागली की तिच्यावर ताट मांडून जेवावं. कुंपणाशी पाचोळ्याचा ढीग उभा राहिला. पलीकडच्या रस्त्यानं रोपवाटिकेचा मालक टेम्पो घेऊन चालला होता, तो ढीग बघून थांबला.

"मावशी, हे टाकून देणार?"

"नेतोस का बाबा? उपकार होतील."

त्यानं वाट नाही बघितली. टेम्पो भरला, रिकामा केला, परत येऊन भरला, आणि ढिगाचा मागमूस ठेवला नाही. किती भला माणूस, असं मावशीला वाटलं.

भावजय परतली ती सरळ बागेकडेच वळली. मावशी मागोमाग, ओले हात पुसत. शाबासकी कुणाला नको असते? भावजयीनं हातातली पिशवी खाली ठेवली.

"ताई, पाचोळा कुठाय?"

"दिला ना काढून. रोपवाटिकेवाल्यानं नेला. केवढा कचरा साचला होता गं."

भावजय एका झाडाखाली उकिडवी बसली. तिनं मातीवर हात फिरवला आणि मावशीला खुणेनं जवळ बोलावलं. मातीच्या वरच अगदी बारीक पांढऱ्या मुळ्या पसरलेल्या दिसत होत्या, आणि त्यातल्या बऱ्याच झाडूनं तुटलेल्या. भावजय हळू आवाजात सांगायला लागली. या झाडाच्या पाणी पिणाऱ्या मुळ्या खोल जात नाहीत, वरवरच असतात. तो कचरा नव्हता, झाडानं स्वतःच स्वतःवर घातलेलं पांघरूण होतं. आणि परवापासून उन्हाची मोठी लाट येणार आहे, कधी बघितलं नाही असं ऊन पडणार आहे, बसमध्ये सगळे तेच बोलत होते.

"मुळ्या भाजल्या की वरून कितीही पाणी सोडा," ती म्हणाली, "झाड पिणार कशानं?"

मावशीच्या पायाखालची जमीन सरकली. भावजय ओरडली असती, दोन शब्द टाकून बोलली असती तर बरं झालं असतं. शिव्या खायची मावशीला सवय होती, इस्पितळात कुणाकुणाच्या खाल्ल्या होत्या. पण ही उठली, फोन लावला. रोपवाटिकेवाल्यानं पाचोळा शेणखतात मिसळून पिशव्याही भरून टाकल्या होत्या. "मावशींनी स्वतःहून दिला हो," तो वर म्हणाला. त्या संध्याकाळी भावाचा फोन आला तेव्हाही भावजय "सगळं ठीक आहे" एवढंच बोलली, आणि ते ऐकून मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

तिनं ठरवलं, ऊन सरलं आणि भाऊ आला की इथून जायचं. कुठं जायचं ते ठरेना, पण जायचं हे ठरलं. आणि जायच्या आधी घालवलेलं भरून द्यायचं.

सकाळी उजाडताच ती गावात गेली, जिथं झाडलोट करणारे हजेरीला जमतात तिथं. गावचा पाचोळा कुणाच्या हातून जातो हे तिला कुणी सांगायला नको होतं. मुकादम टेबलाशी चहा पीत बसला होता. तिला बघून तो सवयीनं उभाच राहिला. कधीकाळी इस्पितळात बापाच्या पलंगाखाली विडी विझवताना मावशीनं त्याला पकडलं होतं, ती आठवण अजून अंगात होती.

"काय काम काढलंत, मावशी?"

"कचरा पाहिजे," मावशी म्हणाली. "वाळक्या पानांचा. असेल नसेल तेवढा."

मुकादमाला आधी कळेना, आणि कळल्यावर हसू आवरेना. चहा नाकात गेला. फिनेलमावशी कचरा मागायला आलीय, ही बातमी हजेरीच्या रांगेत शेवटपर्यंत पोचली आणि सगळी रांग हसायला लागली. मावशी मान खाली घालून उभी राहिली. एरवी तिनं एकेकाला सरळ केलं असतं. मग तिनं काय घडलं ते सांगितलं, काही न लपवता, आणि हसणं आपोआप थांबलं. झाडूवाल्या बायकांमधली एक म्हणाली, "बाई गं, मीही झाडलीच असती की." मुकादमानं टेबलावर पेला ठेवला. कचेरीपुढची झाडं, शाळेचं मैदान, गावातल्या सार्वजनिक बागेच्या पायवाटा, सगळ्यांना त्यानं जागा वाटून दिल्या आणि पानं वेगळ्या पोत्यांत भरायला सांगितली. "नाहीतरी ते डेपोपर्यंत न्यायचं म्हणजे डिझेल जाळायचं," तो गाडीवाल्याला म्हणाला. "आज यांच्या दारात ओत."

तिकडे भावजय पहाटेपासून बागेत होती. नळ्या सोडून जमीन खोलवर भिजवत होती, आणि छाटणीनं उघड्या पडलेल्या खोडांना सालीला ऊन लागू नये म्हणून पांढरा पातळ रंग देत होती. रंगाची बादली घेऊन ती फाटकाशी आली, तर कचऱ्याची गाडी उलटी चालत येत होती आणि पोत्यांच्या राशीवर, केसांत काड्या अडकलेली, तिची नणंद बसली होती.

दिवसभर दोघी पानं पसरत होत्या. पोत्यांतून प्लॅस्टिक, काचा, झाकणं निवडायचं काम मावशीकडे आलं, आणि त्यात तिचा हात कोण धरणार. भावजय सांगायची, खोडाला चिकटवून टाकू नका, वीतभर जागा सोडा, नाहीतर खोड कुजतं. बाकी जाड टाका. मावशीनं उभ्या जन्मात जमिनीवर कधी मुद्दाम काही टाकलं नव्हतं, त्यामुळे सुरुवातीला तिची मूठ उघडेचना. आणि टाकून झालं की तिचा हात आपोआप कडेची विखुरलेली पानं गोल करून ओळीत लावायला जायचा.

"ताई," भावजय म्हणाली, "कडा नका ना लावू. पसरू द्या."

"लावत नाहीये," मावशी लावता लावता म्हणाली. तेव्हा भावजय आल्यापासून पहिल्यांदा हसली.

मग ते ऊन आलं. दाराच्या कडीला हात लावायची सोय राहिली नाही. रस्त्याचं डांबर चपलेला चिकटायला लागलं. कोंबड्या चोच उघडी टाकून सावलीत पडून राहिल्या. भावजय उजाडायच्या आत पाणी सोडून यायची, आणि मग दोघी पडदे ओढून, ओल्या फरशीवर पाय टेकून बसायच्या. बाहेर झाडांची पानं मान टाकून लोंबत होती, आणि ती सावरतील की नाही हे कुणालाच सांगता येत नव्हतं. त्याच बसण्यात मावशी एकदा म्हणाली, "भाऊ आला की मी जाईन म्हणते. तुझ्या मागं माझी एक जादा काळजी." भावजयीनं तिच्याकडे बघितलं आणि उठून फरशीवर आणखी पाणी शिंपडलं. हेच तिचं उत्तर, असं मावशी समजून चुकली.

एका संध्याकाळी मागच्या खिडकीतून गार झुळूक आली. दोघी एकदमच उठल्या. झाडांखाली काही छोटी फळं गळून पडली होती. भावजयीनं ती बाजूला सारली आणि पाचोळ्यात कोपरापर्यंत हात घातला. बराच वेळ तसाच ठेवला.

"ताई, या इकडं. हात घाला."

मावशीनं घातला. आत गार होतं. ओलं होतं. बोटांना मुळ्या लागल्या, लुसलुशीत, नव्या फुटलेल्या. वर झाडाची पानंही पुन्हा ताठ व्हायला लागली होती. मावशीचा जीव भांड्यात पडला, आणि मग ती बाई, जिनं मरणाच्या वॉर्डातही कधी डोळ्याला पाणी येऊ दिलं नाही, तिथं पाचोळ्यात बसकण मारून हमसून हमसून रडली. भावजय तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. हातांना चिखल होता, पण मावशीनं चकार शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी भाऊ आला. आंघोळ करून बागेत चक्कर मारायला निघाला, दोघी बरोबर. वाटेत ऐकलेल्या इतरांच्या बागांच्या बातम्या सांगत होता, आपली झाडं बघून सारखं हुश्श करत होता. मग तो वाकला, एक पान उचललं, उलटंपालटं करून बघितलं. दुसरं उचललं.

"ही पानं आपली नाहीत," तो म्हणाला. "आणि हे बसचं तिकीट इथं कसं आलं? आपला पाचोळा कुठं गेला?"

सांगायचं आणि जाण्याचंही आत्ताच बोलून टाकायचं, म्हणून मावशीनं तोंड उघडलं.

"वारा आला होता," भावजय मध्येच म्हणाली. "फार जोराचा. सगळी बाग साफ करून टाकली."

"एवढा वारा? मला रस्त्यात कुठं लागला नाही. गेला कुठं मग?"

भावजयीनं नणंदेच्या केसांत राहिलेली एक वाळकी काडी काढली.

"कुठं जातोय," ती म्हणाली. "ठेवून घेतलाय घरात."