मिठाच्या चिपेवरची वही

“रंग इकत घ्यायचा नसतो, पोरी. त्यो भुईवर पडलेला असतो. आपुन वाकायचं, बस.”

धुळाजी हे दिवसातून कितीदा म्हणायचा, ते त्याच्या सुनेच्या, ऋतुजाच्या कानांना विचारावं. चहा सांडला की हे वाक्य. चुलीतला कोळसा विझला की हे वाक्य. शेजारच्या वाळवणातली हळद वाऱ्यानं ओट्यावर आली, तरी हेच. आणि जो हे म्हणायचा त्याला स्वतःला वाकता येत नव्हतं.

मागच्या पावसाळ्यात नेकनूरच्या अलीकडच्या ओढ्यात वाहून चाललेलं कोकरू उचलताना त्याचा पाय दगडांत अडकला आणि गुडघा फिरला. कोकरू वाचलं. बीडच्या डॉक्टरांनी गुडघ्याचा फोटो उजेडाला धरला आणि म्हणाले, “आता मेंढरांमागं जायचं नाही.” धुळाजी त्यांच्या तोंडाकडे बघतच राहिला. आजवर त्याला कुणी ऊन सोस म्हटलं होतं, उपाशी रहा म्हटलं होतं, आमच्या रानातून चालता हो असंही म्हटलं होतं. चालू नको, असं कुणी म्हटलं नव्हतं.

त्याचा जन्मच मुक्कामावरचा, वडवणीच्या पलीकडे कुणाच्या तरी ज्वारीच्या रानातला. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड लादायचं आणि मेंढरं घेऊन गोदाकाठाची वाट धरायची. ज्याच्या रानात मेंढरं बसतील त्याच्या रानाला खत आणि आपल्या पोत्याला धान्य. उन्हाळा सरत आला की घराकडे वळायचं. घर ही त्याच्या हिशेबी मुक्काम करायची आणखी एक जागा होती, एवढंच.

त्या दिवाळीनंतर मेंढरं निघाली, पण त्यांच्यामागं धुळाजीचा मुलगा परमेश्वर गेला आणि बायको साखराबाई गेली. ऋतुजा सासऱ्याला सांभाळायला मागे राहिली. घंटांचा आवाज बाभळीच्या वळणापलीकडे गेला तेव्हा धुळाजीनं बाज उचलायला सांगितली आणि तिचं तोंड भिंतीकडे करून घेतलं.

ऋतुजाला वाटलं, दोन दिवस रुसतील. पण भाकरी अर्धी झाली, मग चतकोर झाली. परमेश्वरचा फोन आला की ती मुद्दाम मोठ्यानं बोलायची. बाजेवरून हूं की चूं नाही. एके सकाळी परमेश्वर म्हणाला की काळकी व्यायली. काळकी म्हणजे कळपाच्या पुढं चालणारी मेंढी, धुळाजीच्या हाताखाली वाढलेली. ऋतुजानं बाजेपाशी जाऊन तसं सांगितलं. धुळाजीनं तोंड वळवलं नाही. काय झालं, नर की मादी, एवढंसुद्धा विचारलं नाही. हा माणूस आता उठायचा नाही, हे तिला भिंतीवर लिहिल्यासारखं दिसलं.

ती केजजवळच्या शेतकरी घरातली. शाळेत चित्रकलेत पहिली यायची. लग्नानंतर ते सगळं ट्रंकेत गेलं होतं, पण घर असं मुकं झालं तेव्हा तिनं एक जाड वही काढली. मोबाईलवर कुठल्या तरी शहरातली एक बाई आर्ट जर्नल करून दाखवायची. पानाला चहाचं पाणी द्यायचं, त्यावर फाटका कागद चिकटवायचा, त्यावर रंग, त्यावर शिवण. एकाच पानावर सगळी सरमिसळ. ऋतुजा जुनं वर्तमानपत्र घेऊन ओट्यावर बसली आणि फाडू लागली.

“कागुद कावून फाडती?” भिंतीकडून आवाज आला.

तिचा हात तसाच थांबला. कितीतरी दिवसांनी तो आवाज निघाला होता.

“चिटकवायला, मामा.”

“चिटकवायचाच हाय तर फाडायचा कशाला?”

“फाडल्यावर कड चांगली येती.”

बाज करकरली. धुळाजी कुशीवर वळला, वहीकडे बघत राहिला, मग नाक मुरडून म्हणाला, “त्या डिंकाचा वास मेलेल्या उंदरावानी हाय. चिंचोक्याची खळ कर. घोंगडीला पाजतेत ती. कागुद फाटंल पर सुटायचा न्हाई.”

तिनं चिंचोके भाजले, भिजवले, वाटले, शिजवले. धुळाजीनं बोटानं खळ चाखली आणि अजून आटव म्हणाला. दुसऱ्या दिवशी वही तिच्या मांडीवर नव्हती, त्याच्या होती.

मग जे झालं त्याला गाव हसलं. समोरून जाणारा शहादेव ओट्याशी थांबून म्हणाला, “धुळाजी, बालवाडीत नाव घातलं का काय बे?” धुळाजी म्हणाला, “घातलं. तुझ्या नातवाच्या शेजारी बसतो. त्यो तुझ्यापरीस हुशार हाय.”

वहीत त्यानं आपली वाट मांडायला घेतली. एका पानाला एक मुक्काम. परमेश्वरला फोनवर हुकूम सुटला, “जिथं बसचाल तिथली माती पाठव.”

“माती कावून, आबा?”

“खायला.”

मग शेअर जीपमधून, कुणा ओळखीच्याच्या पिशवीतून, मातीच्या पुरचुंड्या येऊ लागल्या. काळी, तांबडी, मुरमाड, गोदाकाठची मऊ पिठासारखी. धुळाजी ती खळीत कालवून पानावर बोटानं सारवायचा. त्यावर त्या रानातल्या पाचटाचा तुकडा, करडईची वाळली फुलं, लोकरीचा पिंजलेला धागा, म्हणजे वाट. ऋतुजा त्याला मोबाईलवरची एकेक युक्ती दाखवायची. पानाखाली बाभळीची साल ठेवून वरून कोळसा घासायचा. मेणानं रेघ ओढून वर रंग ओतायचा, मेणावर तो बसत नाही. धुळाजी प्रत्येक युक्ती पहिल्यांदा बघताना असा थक्क व्हायचा, की मेंढरानं माणसासारखं बोलून दाखवलं असतं तरी एवढा झाला नसता. भुईवर पडलेल्या रंगाचं ते पालुपद तेव्हापासूनच लागलं. भाकरी पुन्हा आख्खी झाली. बाजेचं तोंड रस्त्याकडे झालं. पण ओट्याखाली मात्र तो काठी घेऊनही उतरायचा नाही. उतरून जायचं कुठं, असं म्हणायचा.

अशी वाट सरत सरत घरापाशी आली. मेंढरं उद्या पोचणार, असा फोन आला, आणि शेवटचं पान राहिलं होतं. घराचं.

त्या पानावर त्यांनी हात आखडला नाही. कपड्यांची नीळ कालवून आभाळ केलं आणि ओल्या निळीवर खडेमीठ टाकलं. मीठ नीळ पिऊन घेतं आणि तिथं चांदण्या उमटतात. धुळाजीला एवढ्यानं भागलं नाही. त्यानं अजून मूठभर टाकलं. मेंढवाड्याचं कुंपण म्हणून बाभळीच्या वाळल्या शेंगा खळीत बुडवून चिकटवल्या. ऋतुजानं बांगड्यांच्या डब्यातली सोनेरी चमकी वरून भुरभुरली. वहीची पाठ शिवायला घेतलेलं दाभण, पोती शिवायची ती जाड सुई, तसंच वहीत खोचून ठेवलं, कारण खळ ओली होती.

“त्या चिपेवर ठीव,” धुळाजी म्हणाला. “उन्हानं तापली आसंल. दुपारपस्तोर खडखडीत वाळंल.”

मेंढवाड्यात ती सपाट दगडाची मोठी चीप होती. सहा-सात महिने वाडा रिकामा होता, चीप नुसती ऊन खात पडली होती. ऋतुजानं वही उघडून तिच्यावर ठेवली. चिपेच्या मधोमध गुळगुळीत खळगा होता. तो कशानं पडला, हे शेतकऱ्याच्या पोरीला कळायचं कारण नव्हतं. ज्याला कळायला हवं होतं तो माणूस ओट्यावर बसून वाळायची वाट बघत होता.

मेंढरं उद्या यायची, ती त्याच दुपारी आली.

आधी घंटा ऐकू आल्या. धुळाजीचा चेहरा उजळला. मग वळणावर धूळ दिसली, आणि त्याच क्षणी तो चेहरा असा पांढरा पडला की ऋतुजाला वाटलं, झटका आला. घर दिसलं की मेंढरं माणसांकडे येत नाहीत. ती चिपेकडे धावतात. कारण घरी आल्यावर त्या चिपेवर त्यांना मीठ मिळतं, त्यांच्या आज्या-पणज्यांना मिळत आलं तसं. तो खळगा त्यांच्या जिभांनी पाडलेला.

पुढं काळकी होती. ऋतुजा ओट्यावरून पळाली, पण कळप म्हणजे पूर. वाड्यात ती शिरेपर्यंत चिपेवर नुसत्या पाठीच पाठी होत्या. मीठ, चिंचोक्याची खळ, करडई, बाभळीच्या शेंगा. मेंढरांसाठी कुणी ताट वाढायला बसलं असतं तर यापेक्षा वेगळं काय वाढलं असतं? काळकीच्या तोंडातून गोदाकाठ लोंबत होता. एक कोकरू वडवणी चावत उभं होतं. परमेश्वर काठी धरून उभाच. साखराबाईच्या हातात घोड्याचा दोर तसाच.

“दाभण,” मागून आवाज आला. “दाभण कुठं हाय?”

धुळाजी तिथं उभा होता. ओट्यावर नाही, बाजेला धरून नाही. वाड्याच्या मधोमध, काठीवाचून. तो कसा उतरला, कधी आला, कुणालाच कळलं नाही. त्यानं काळकीचा जबडा पकडला आणि दोन बोटं आत घालून गाल चाचपले. मग दुसरीचा. “वहीत दाभण हुतं. पोटात गेलं तर जनावर जाईल. बघता काय, तोंडं बघा.”

मग सगळेच धावले. गोदाकाठ ओढून काढला, दोरा ओढून काढला. शेवटी चिपेच्या फटीत ऋतुजाच्या बोटांना दाभण लागलं, मागे दोऱ्याचं शेपूट असलेलं. तिनं ते वर धरलं.

“सापडलं. बरं झालं,” धुळाजी म्हणाला आणि तिथंच धुळीत बसला.

वहीचा उरला होता पुठ्ठा आणि पानांची खुंटं. ऋतुजाला जेवण गेलं नाही. आता बाज भिंतीकडे वळणार, याची ती वाट बघत राहिली.

सकाळी साखराबाई वाडा झाडत होती. झाडता झाडता थांबली. “आगं ये पोरी, माझ्या मेंढरांला काय चारलंस? लेंड्या लग्नाला निघाल्यावानी नटल्यात.”

कोवळ्या उन्हात साऱ्या वाड्यात सोनेरी चमकी लुकलुकत होती. धुळाजी ओट्याच्या कडेवरून बघत राहिला. ऋतुजा नवी वही घेऊन त्याच्याजवळ आली. “मामा, परत करू. माती मागवून घेऊ सगळीकडून.”

“ती माती परमेश्वरनं उचलली हुती,” धुळाजी म्हणाला. “मी कुठं वाकलो?”

त्यानं वही घेतली, घोंगडीत गुंडाळली, काठी घेतली. “पयल्या मुक्कामापस्तोर जातो. नेकनूरपसून जीपनं येतो.”

परमेश्वर पुढं झाला. “आबा, डॉक्टरनं सांगितलंय न्हाई म्हणून. मी येतो संगं.”

“मेंढरांमागं जाऊ नको म्हणला त्यो. मेंढरं हितं हायत.”

“जाऊ दे त्याला,” साखराबाई म्हणाली. मग पाठमोऱ्या नवऱ्याला ऐकू जाईल असं, “परमेश्वरच्या बापा, जीपमधी पुढं बसा. मागं गुडघा वाकायचा न्हाई.”

तो निघाला. एक पाय टाकायचा, दुसरा ओढून घ्यायचा, थांबायचा. परमेश्वर वाड्याच्या तोंडाशी उभा राहिला. साखराबाईच्या हातात खराटा होता, पण झाडणं थांबलं होतं. काळकीनं मान वर केली, दोन पावलं त्याच्या मागं गेली आणि परत फिरली.

ऋतुजा ओट्यावरून बघत होती. बाभळीच्या वळणावर तो थांबला. काठी त्यानं खोडाला टेकवली, दोन्ही हात दुखऱ्या गुडघ्यावर ठेवले, आणि अगदी हळूहळू तो वाकला. भुईवरून काहीतरी उचललं. काय, ते एवढ्या लांबून तिला दिसलं नाही. मग सावकाश ताठ झाला, काठी घेतली आणि वळणापलीकडे गेला. ती तिथंच उभी राहिली, रिकाम्या रस्त्याकडे बघत.