सकाळी न चालणारी गाडी

आमच्या भागात लग्न झालं की पुरुषाने मुंबईला जायचं आणि बायकोने गावात राहायचं, ही रीतच होती. तो गणपतीला यायचा, मे महिन्यात यायचा, आणि आला आला म्हणेपर्यंत परत जायचा. मला ते नको होतं. साठ सालानंतरची गोष्ट. लग्नाला वर्षही झालं नव्हतं आणि बायको मला फार आवडायची. घरात चारचौघांत असं म्हणायची तेव्हा सोय नव्हती, म्हणून आता म्हणून घेतो.

नशिबाने शिवणयंत्रं विकणाऱ्या एका दुकानाला मालवण ते कणकवली गावोगाव फिरून यंत्रं दुरुस्त करणारा माणूस हवा होता. ते काम मला येत होतं. अट एकच, स्वतःची गाडी पाहिजे. म्हणून मी एका पाद्रींनी वापरलेली छोटी टू-स्ट्रोक मोटारसायकल घेतली. सोमवारी सकाळी दुकानाचे साहेब कणकवलीत मला गाडीसकट बघणार होते. जमलं तर मी घरी, नाही तर काकांनी मुंबईच्या गिरणीत माझ्यासाठी शब्द टाकून ठेवलेलाच होता.

आणि नेमकी त्याच आठवड्यात गाडी सकाळची चालू होईना! पौषातली थंडी. मी पहाटे उठून किक मारत सुटायचो. पाय भरून यायचा, घाम फुटायचा, पण इंजिन ढिम्म. शेजारपाजारचे लोक दात घासत दगडी कुंपणाच्या गडग्यापाशी येऊन उभे राहायचे आणि मला सल्ले द्यायचे. "शिरा पडो ह्या गाडीर!" म्हणून मी ओरडायचो, ते अर्धं त्यांना उद्देशूनच असायचं.

वडिलांनी उभा जन्म आगबोटीच्या इंजिनखान्यात काढलेला. त्यांनी एकदाच किकवर पाय ठेवला आणि निकाल दिला. "दम नाय हेच्यात. काम्प्रेशन गेला. रिंगो गेल्यो तुझ्यो." पिस्टनच्या रिंगा गेल्या म्हणजे सिलिंडर मुंबईला पाठवायचा, आणि मग त्याच्या पाठोपाठ मीही.

पण मी हट्टी. प्लग काढला, त्या भोकावर अंगठा दाबून धरला आणि हाताने किक खाली ढकलली. फस्सकन हवा आली आणि अंगठा मागे ढकलला गेला, म्हणजे दम होता. तरी खात्री करावी म्हणून भोकातून चमचाभर तेल सोडलं आणि पुन्हा तेच केलं. रिंगा झिजलेल्या असत्या तर तेलाने फट भरून जोर वाढला असता. काही फरक पडला नाही, म्हणजे रिंगा ठणठणीत होत्या. मग प्लग इंजिनाला टेकवून किक मारली, तर ठिणगी निळी, टचकन पडली. मात्र प्लगचं टोक कोरडं ठणठणीत. पेट्रोल आत पोचतच नव्हतं. म्हणजे घोटाळा कार्बोरेटरचा.

हे सगळं होईपर्यंत ऊन चांगलं तापायचं. मग पेज पिऊन मी घरापुढच्या खळ्यात बसायचो, कार्बोरेटर उघडायचो, त्यातला पेट्रोलच्या बारीक भोकाचा जेट डोळ्याला लावून बघायचो. आरपार दिसायचं. पेट्रोल साठायची वाटी स्वच्छ. बसवला की गाडी पहिल्या दणक्यात चालू! मी म्हणायचो, मी साफ केला म्हणून. वडील म्हणायचे, मी हेडचे नट आवळले म्हणून. आईला ते गावच्या राखणदार भुताचं काम वाटायचं. म्हणायची, "देवचारान आडवल्यान हा. आज गाराणा घातलंय, म्हणान सोडल्यान." दुसऱ्या दिवशी सकाळी पुन्हा तिघेही तोंडघशी.

रविवार उजाडला तरी तेच. आता मात्र मला रडूच यायचं बाकी होतं. मी इंजिनासमोर उकिडवा बसून त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत होतो, तेवढ्यात बायको न्हाऊन बाहेर आली. हातात खोबरेलाची बाटली, आतलं तेल थिजून पांढरंशुभ्र झालेलं. तिने ती गडग्यावर उन्हात ठेवली.

"तुमची गाडीव उनातच चलता," ती पदराआड हसत म्हणाली. "ठेवा माझ्या बाटलेच्या बाजूक."

मी खवळलो. "हसतंस काय? मुंबयक गेलंय म्हणजे कळात!" ती आत निघून गेली. बोलून गेलो आणि मलाच वाईट वाटलं. मग बसल्या बसल्या तिचं बोलणं डोक्यात शिरलं. खरंच की! आठवडाभर मी कार्बोरेटर उघडला होता तो दुपारी, ऊन खाल्लेला. थंड असताना एकदाही नाही.

तिथल्या तिथे पाना घेतला आणि वाटी उतरवली. तळाशी पांढरा लगदा, लोण्यासारखा. जेटच्या भोकात तोच दडपून बसलेला. बोटाने घेऊन वास घेतला. खोबरेल!

ह्या गाडीला पेट्रोलमध्येच इंजिनाचं तेल मिसळावं लागतं. ते मिसळायचं काम वडिलांनी आपणहून अंगावर घेतलं होतं. मी त्यांच्यापुढे बोट धरलं.

"बाबा, ह्या काय?"

"मोबिल सपला होता," ते शांतपणे म्हणाले. "बाजारातव मिळाक नाय. मगे घाण्यावरचा ताजा खोबरेल ओतलंय. तेल ता तेल!"

घरचे माड, घरचं तेल, आणि तेही निवडून ताजं! रात्रभरात वाटीतलं पेट्रोल उडून जात होतं, मागे राहिलेलं खोबरेल पहाटेच्या गारठ्यात थिजत होतं, आणि दुपारी उन्हाने पातळ होऊन गुपचूप वाट मोकळी करत होतं. मला एवढं हायसं वाटलं की रागवायचंही राहून गेलं. मी खळ्यातच फतकल मारून हसत सुटलो, आणि वडील "ह्याका काय झाला?" म्हणून आईकडे बघत राहिले.

टाकी रिकामी केली, कार्बोरेटरवर कढत पाणी ओतलं, जेट तोंडाने फुंकून काढला. मालवणच्या एका टॅक्सीवाल्याने आपल्याकडचं थोडं इंजिनाचं तेल दिलं. सोमवारी अंधुक उजाडत होतं, हातपाय गारठलेले, आणि गाडी अशी पेटली की गडग्यावरचे सल्लागार धुरात खोकत घरी गेले. कट्टा, कसाल ही गावं मागे टाकत मी कणकवलीला वेळेत पोचलो. साहेबांनी गाडी चालू करूनसुद्धा बघितली नाही. लांबूनच "हं, आहे ना? उद्यापासून लागा," म्हणाले.

संध्याकाळी परतलो तेव्हा बायको खळ्यात उभी होती. मी नुसती मान डोलावली. तिला कळलं. पण शेजारची वहिनी तिथेच बसली होती. तिचा नवरा मुंबईला, मागच्या गणपतीत चार दिवस येऊन गेलेला. तिलाही कळलं. ती उठली, माझ्या बायकोच्या गालावरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझो घोव घराक रवलो. बरा झाला गो, बाये."

मग ती आपल्या घरी गेली. तिच्या घरात दिवा लागेपर्यंत माझी बायको तिकडेच बघत उभी राहिली. मग माझा हात घट्ट धरून रडली, आणि रडता रडता हसली.