दबक्या आवाजातलं दुखणं

माझी धाकटी चौदा वर्षांची आहे आणि तिला मोठ्याने बोलता येत नाही. घसा ठणठणीत आहे, सवयच नाही. तिचे बाबा बेकरीत भट्टीवर रात्रपाळी करतात आणि दिवसा झोपतात. घर दोन खोल्यांचं, मध्ये दार नाही, नुसता पडदा. रांगायला लागल्यापासून तिच्या कानावर सगळ्यात जास्त पडलेला शब्द म्हणजे ‘हळू’. कुकर आम्ही हे उठल्यावरच लावतो, भांडी फडक्यावर पालथी घालतो. माझ्या नणंदबाई आमच्याकडेच असतात. त्या म्हणतात, या घरात पालसुद्धा विचारून चुकचुकते.

गेल्या वर्षी तिला अर्धशिशी सुरू झाली. आधी उजव्या डोळ्यापुढे नागमोडी चमक, मग ठणका, मग उलट्या. डॉक्टरीणबाईंनी वजनाच्या मानाने गोळी दिली आणि बजावलं, दुखायला लागलं की लगेच द्यायची, वाट बघायची नाही. पण आठवड्यात दोन दिवसांहून जास्त नको, नाहीतर औषधानेच डोकं दुखायला लागेल. तेव्हापासून माझा जीव टांगणीला लागलाय. आज देऊ की उद्यासाठी राखू? तिने नुसता कपाळाला हात लावला तरी मी बोटांवर वार मोजायला लागते.

गोळी वेळेवर पोटात जायचीच नाही, कारण ती सांगायचीच नाही. शाळेतून यायची, दप्तर अलगद टेकवायची आणि ओट्याखाली फरशीला गाल लावून पडून राहायची. मला कळायचं ते उलटी झाल्यावर. मग दिलेली गोळीही बाहेर. नणंदबाई म्हणायच्या, सोंगच करायचं तर निदान कण्हावं तरी.

शेवटी डॉक्टरीणबाईंनी तिलाच विचारलं, दुखायला लागल्यावर आईला कधी सांगतेस? तिने दिलेलं उत्तर त्यांना ऐकू आलं नाही. त्या खुर्ची पुढे ओढून वाकल्या. तरी नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, “घरात कोण झोपलेलं असतं?”

उलट्या होत असल्या तरी चालेल असा नाकात मारायचा फवारा त्यांनी दिला, त्यालाही तोच आठवड्यात दोन दिवसांचा नियम. तिला सांगितलं, दुखायला लागलं की हाक मारायची, मग कुणीही उठो.

परवा दुपारी मी गच्चीवर कपडे वाळत घालत होते. खालून “आई” ऐकू आलं, इतकं मोठ्याने की मला आधी शेजारची मुलगी वाटली. धावत खाली आले तर हे पडदा सारून उभे, डोळे लालभडक. आता ओरडणार, असं वाटलं. पण त्यांनीच फवारा उचलला, तिच्या नाकाशी धरला, स्वतःची चादर खिडकीवर टांगली. दिवेलागणीला ती उठून बसली, पाणी प्यायली. पहिल्यांदाच उलटी झाली नाही.

हे मात्र परत झोपू शकले नाहीत. डबा घेऊन निघताना उंबऱ्यालाच ठेचकाळले. मी म्हटलं, “जपून हो, भट्टीपुढे उभं राहायचंय.” तिने ते ऐकलं.

आज शाळेतून आली ती पांढरीफटक. दुखतंय का, मी विचारलं. तिने आधी पडद्याकडे पाहिलं, मग नाही म्हणून मान हलवली. आत हे घोरत होते. फवारा द्यावा तर या आठवड्यातला दुसरा दिवस संपतो. न द्यावा तर वेळ निघून जाते. फवारा हातात घेऊन मी तिच्यासमोर बसले आणि पुन्हा विचारलं, तेही कुजबुजतच.