बिनपत्त्याचा डबा

तात्या मोरे यांनी आमच्या हेडमास्तरांचं तोंड खोडरबरावर कोरलं होतं. मिशांसकट. शाईच्या पॅडवर दाबून ते कुठेही उमटवता येई, आणि ते पॅडही हेडमास्तरांच्याच टेबलावरून उचललेलं होतं. मी महाडच्या शाळेत भूगोलाचा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा चित्रकलेच्या या मास्तरांनी माझ्या कोऱ्या हजेरीपटावर तो ठसा मारला. "घ्या, साहेबांचा आशीर्वाद," म्हणाले. तो आशीर्वाद खरवडून काढण्यात माझी पहिली दुपार गेली.

तात्या पोलादपूरच्या वरच्या अंगाला असलेल्या एका वाडीतले. पन्नाशीला टेकलेले, डोक्यावर केस नाही आणि जिभेला हाड नाही. चित्रकला मुंबईला शिकून आले होते, पण समोर इन्स्पेक्टर असला तरी 'नाय' आणि 'हाय' सोडायचे नाहीत. "शुद्ध बोलायला लागलो तर घरची म्हस वळख देत नाय," असं त्यांचं म्हणणं.

एकदा वाण्याकडून आलेल्या गुळाच्या पुडीचा कागद त्यांनी वाचला. विलायती मासिकाचं पान होतं. तिकडची माणसं म्हणे रानात डबा लपवतात, आत वही आणि ठसा ठेवतात, आणि जागा कोड्यात सांगतात. शोधणाऱ्याने आपला ठसा त्या वहीत उमटवायचा, डब्यातला आपल्या वहीत घ्यायचा आणि डबा होता तिथे ठेवून चालू लागायचं. बक्षीस वगैरे काही नाही. इतका निरुपयोगी उद्योग तात्यांना आवडला नसता तरच नवल.

शाळेची सहल दर हिवाळ्यात समुद्रावर जायची. तिथल्या दीपगृहाखाली एक सरकारी बाग होती. चार बाकं, सुरूच्या झाडांची एक रांग आणि 'फुले तोडू नयेत' अशी पाटी. फुलं नव्हतीच. तात्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याला मेण लावून तो तिथे पुरला आणि वर दगड ठेवला. कोडं त्यांनी एका बाकाच्या पाठीवर रंगवलं: 'बत्तीला पाठ दाखवा, तिसऱ्या सुरूला मान द्या, वाकल्याशिवाय काय मिळायचं नाय.' बाकावर माणूस बसला की पाठ टेकतो आणि कोडं झाकतो, हे त्यांच्या लक्षात आलं नाही.

पहिल्या वर्षी वही कोरी. दुसऱ्या वर्षीही कोरी. तिसऱ्या वर्षी वाळवीने पुठ्ठ्याचा कोपरा खाल्ला होता. "बघा, कोनतरी येऊन गेला," तात्या खूष.

"तात्या, मीच मारू का एखादा अंगठा?" मी म्हटलं.

"मास्तर, डब्यात खोटं चालत नाय. त्याला आपली शाळा हाय की."

पुढच्या सहलीच्या आदल्या दिवशी भागी शाळेत आली. तात्यांच्या वाडीतली, तिशीची बाई. वाडीतल्या अर्ध्याअधिक घरांतले पुरुष मुंबईला होते. तिचा नवराही गिरणीत होता, पण तो खोली बदलून कुठे गेला ते कोणालाच ठाऊक नव्हतं. तिने धाडलेली पत्रं 'पत्ता लागत नाही' असा शेरा घेऊन परत येत. तात्यांच्या डब्याची कीर्ती वाडीत पोचली होती. समुद्रकाठी डबा आहे, त्यात शिक्का आहे, वही आहे. म्हणजे ते पोस्टच, असा तिने हिशेब केला होता.

"तात्या, तुमच्या डब्याला पत्ता लागत नाय ना?"

"नाय गो. ज्याला गावंल त्याचा."

"मंग हे त्यात घाला. बत्तीपासून मुंबईच्या बोटी जातात. कोन ना कोन वाचंल, त्याला सांगंल."

मला हसू आवरेना. तात्या मात्र हसले नाहीत. हा नुसता खेळ आहे, हे त्यांनी तिला तासभर समजावलं. तिने सगळं नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "खेळ तर खेळ. पन डबा खरा हाय ना?" तात्यांनी पत्र घेतलं.

वर्षाने डबा उघडला तर पत्र आतच होतं, ओलीने फुगलेलं. परतताना मी सुचवलं, कोणीतरी नेलं म्हणून सांगा, बाईला तेवढाच धीर. तात्या माझ्या शेजारून उठले आणि मुलांत जाऊन बसले. रविवारी मला घेऊन ते वाडी चढले आणि अंगणातूनच म्हणाले, "भागे, नाय गो गावलं कोनाला."

भागीने पत्र उलटंसुलटं करून पाहिलं. "तुमची वही तरी कुठं भरली? तरी तुमी जाताव ना?"

तात्या अंगणातून वर आले आणि ओटीवर टेकले.

तेव्हापासून दर वर्षी नवं पत्र जाऊ लागलं. भागी सांगायची, तात्या लिहायचे. 'म्हस व्यायली. घर शाकारून घेतलं. तू मेला असलास तर तसं कळव.' शेवटचं वाक्य घालावं की नाही यावर दोघांचं कडाक्याचं भांडण व्हायचं आणि दर वर्षी भागी जिंकायची. नवऱ्याचा पत्ता काही लागला नाही.

तात्या एका दसऱ्यानंतर चार दिवसांच्या तापाने गेले. त्यांच्या मर्तिकाला मी कोरड्या डोळ्यांनी उभा होतो. माणसं काय म्हणाली असतील देव जाणे. त्या हिवाळ्यात सहलीचं काम माझ्याकडे आलं, आणि आदल्या दिवशी भागी शिक्षकांच्या खोलीच्या दाराशी येऊन उभी राहिली. मी कागद पुढे ओढला.

"काय लिहू नवऱ्याला?"

"त्याला अवंदा नको." ती खाली बसली, पदर सारखा केला. "लिवा. तात्यास भागीचा नमस्कार."

मी मान वर केली. "तात्यांना?"

"मंग? त्येंचा तरी पत्ता हाय का आता?"

मी लिहायला घेतलं आणि मला रडू फुटलं. अक्षर धड उमटेना. भागीला वाटलं मी थांबलो. तिने दोनदा विचारलं, "लिवताव ना?"