रूपली पावरा नावाच्या दोघी

वेबसाइटवर तुटक रेघांचा एक चौकोन बनवायला सुनिता पावराने जीव ओतला, तेव्हा आमच्या नंदुरबारच्या ऑफिसात कोणाला त्याचं विशेष वाटलं नव्हतं. कॉम्प्युटरवरची फाइल माउसने धरायची, ओढत आणून त्या चौकोनात सोडायची, की ती आपोआप अपलोड होते. ड्रॅग अँड ड्रॉप. मोठ्या साइटींवर हे केव्हापासून आहे.

पण आम्ही बनवत होतो ती साइट एका संस्थेच्या हंगामी वसतिगृहाची होती. दिवाळीनंतर सातपुड्यातले पाडे ओस पडतात, माणसं ऊसतोडीला गुजरातेत जातात. त्या काळात ज्या मुलींना मागे राहून शाळा करायची आहे, त्यांच्यासाठी हे वसतिगृह. अर्ज ऑनलाइन. जुन्या पानावर प्रत्येक कागद वेगळा निवडावा लागे. जातीचा दाखला, जन्माचा दाखला, रेशनकार्ड, गुणपत्रक. मध्येच नेट गेलं की सगळं पुसलं जाई आणि पहिल्यापासून सुरुवात. अर्जासाठी डोंगरावरून म्हसावदला उतरलेली माणसं दिवसभर ऑनलाइन अर्ज भरून देणाऱ्या सेंटरच्या पायरीवर बसून राहत आणि संध्याकाळच्या जीपने तशीच परत जात. सुनिताने लहानपणी अशा पायऱ्या पाहिल्या होत्या. तिने असं केलं, की सगळे कागद एकदम चौकोनात टाकता यावेत, नेट गेलं तरी पोचलेले कागद पोचलेलेच राहावेत, आणि प्रत्येक कागदापुढे हिरवी खूण यावी.

तिच्या घाईला अजून एक कारण होतं. तिचा थोरला भाऊ रेवजी दरवर्षी टोळीबरोबर बारडोलीकडे जातो. त्याची मुलगी रूपली नववीत होती. आदल्या वर्षी तीही उसाच्या फडावर गेली होती, धाकट्या भावाला सांभाळायला, आणि परत आली तेव्हा परीक्षा जवळ आलेली होती. मास्तरांनी तिला कसंबसं नववीत ढकललं. या वसतिगृहात मोठ्या बहिणीबरोबर धाकट्या भावालाही ठेवून घेतात. रेवजी म्हणाला होता, नाव लागलं तर दोघं राहतील. नाही लागलं तर दोघं येतील, पोराला फडावर एकटं कोण बघणार. त्यात रागाचं काही नव्हतं. पुढच्या वर्षी दहावी आहे, एवढं रूपलीने एकदा म्हटलं होतं. मग पुन्हा विषय काढला नाही.

चाचणी आम्ही सगळ्यांनी मिळून केली. तौहिद शेखने आपली मार्कशीट टाकली, आमचे साहेब जगदीश सरांनी वीजबिल टाकलं, कोणी आधारकार्ड. सगळं व्यवस्थित. तौहिद म्हणाला, "सुनिता, एकदा जगदीश सरांनाच धरून टाक ना चौकोनात. वर पोचतात का बघू." सरसुद्धा हसले. त्यांनी एकच सुधारणा सुचवली. सेंटरवाले फाइलींना वाटेल ती नावं देतात, नंतर शोधताना त्रास होतो. तेव्हा चौकोनाखाली सूचना लिही: फाइलला मुलीचं नाव, आडनाव आणि कागदाचं नाव द्यावं. सुनिताने लिहिली. फाइल ज्या नावाने येईल, त्याच नावाने साठवायची, असं तिने ठेवलं.

म्हसावदला दिलवरसिंगचं सेंटर आहे. पहिल्याच दिवशी त्याचा फोन आला. "ताई, हाई ते भारी शे. धरानं नि सोडी देवानं. माले आते चहा पेवालेबी टाइम भेटी." त्या दिवशी पहिला अर्ज रेवजीच्या रूपलीचा होता. सुनितानेच भावाला फोन करून करून लवकर उतरायला लावलं होतं. सगळ्या हिरव्या खुणा आल्या, असं दिलवरसिंगने सांगितलं. त्याचा कॉम्प्युटर जुना; खुणा आल्या की तो फाइली पुसून जागा मोकळी करतो.

निवड जाहीर झाली त्यात रूपली पावरा, इयत्ता नववी, हे नाव होतं. सुनिताने आम्हाला पेढे दिले. दुपारी रेवजीचा फोन आला. वसतिगृहातून निरोप आला होता, पण तो वरच्या पाड्यावरच्या भीमसिंगकडे. त्याच्याही मुलीचं नाव रूपली. तीही नववीत.

सुनिताने सर्व्हरवर जाऊन पाहिलं. 'रूपली पावरा जन्मदाखला' नावाची एकच फाइल होती, आणि तिच्यात वडिलांचं नाव भीमसिंग. जातीचा दाखला भीमसिंगच्या मुलीचा, गुणपत्रकही तिचंच. रेवजीच्या मुलीचे कागद आले होते, हिरवी खूण खोटी नव्हती. नंतर त्याच नावाचे दुसरे कागद आले आणि पहिल्यांच्या जागेवर बसले; पहिले पुसले गेले. संस्थेच्या माणसांना रेवजीच्या मुलीच्या अर्जातले कागद वडिलांच्या नावाशी जुळेनात. त्यांनी तो अर्ज अपुरा ठरवून बाजूला केला.

ती खुर्चीतून उठली नाही. तिच्या डोंगरात सगळेच पावरा. त्यामुळे तिथे आडनावाने कोणी कोणाला ओळखतच नाही. रेवजीची रूपली, भीमसिंगची रूपली. सुनिताला स्वतःला घरी अजून धनसिंगची सुनी म्हणतात. आडनाव लावायला ती कॉलेजात शिकली. चाचणीच्या वेळी शेख होते, पाटील होते, सोनार होते. पावरा एकटी तीच होती. आमच्यापैकी कोणाच्या डोक्यात आलं नसतं. तिच्या यायला हवं होतं, असं ती म्हणाली. तिने पुढे शोधलं, तर अशा आणखी मुली सापडल्या. सगळ्या वरच्या पाड्यांवरच्या, सगळ्या लवकर येऊन अर्ज भरलेल्या.

दुसऱ्या दिवशी जगदीश सर तिला घेऊन संस्थेत गेले. तिथल्या व्यवस्थापकांनी शांतपणे ऐकलं. चूक आपली आहे, मुलींची नाही, असं सुनिताने स्पष्ट सांगितलं. त्यांना ते पटलं. पण खाटा तेवढ्याच, भरलेल्या. ते म्हणाले, "तुमच्या भाचीला घेतो मी. कोणाला काढू, तेवढं सांगा. भीमसिंगच्या मुलीला काढू का?"

भीमसिंगची रूपली सुनिताने पाहिलेली होती. सर म्हणाले, पुढच्या वर्षी बघू. व्यवस्थापक म्हणाले, हो, पुढच्या वर्षी नक्की.

शनिवारी ती पाड्यावर गेली. सोमवारी त्यांची गाडी निघणार होती. अंगणात गोधड्या, पातेली, कोयते बांधून ठेवलेले. तिने रेवजीला सगळं समजावलं, मशीनचं, नावाचं. तो ऐकत राहिला आणि म्हणाला, मशीनने केलं तर तू काय करणार. मशीनने नाही, मी केलं, असं ती म्हणाली. ते त्याला कळलं नाही, किंवा कळून घ्यायचं नव्हतं. रूपलीला मी नेते, असंही तिने म्हणून पाहिलं. पण नंदुरबारला ती चौघींच्या खोलीत राहते, घरमालकीण पाहुणासुद्धा ठेवू देत नाही, आणि लहान्याचं काय, यावर बोलणं थांबलं. रूपली चुलीपुढे बसली होती. तिने आत्याला एकदाच विचारलं, "फुई, आम्ही शेवटी गेलो असतो तर चाललं असतं का?"

सुनिता हो म्हणाली.

साइट तिने दुरुस्त केली. आता प्रत्येक फाइलला आपोआप वेगळा क्रमांक मिळतो. थोडंसंच काम होतं, दुपारच्या आत झालं. दुसऱ्या एका संस्थेने तोच चौकोन मागितला आहे. सर म्हणतात, सुनिताच करेल. ती करते आहे, पण आता जेवायला आमच्यात बसत नाही.

बारडोलीला ती फोन करायची, तर रेवजी सांगायचा, फडात आहे, मोळ्या बांधतेय. मागच्या आठवड्यात पहिल्यांदा रूपलीने उचलला. लहान्याला खोकला झालाय, अडुळसा इथे मिळत नाही, काय देऊ, असं तिने विचारलं. ऊस किती उंच आहे ते सांगितलं. सुनिता वाट बघत राहिली. शाळेचं रूपलीने काही विचारलं नाही. मग सुनितानेच विचारलं, पुस्तकं नेलीस का?

"नाही फुई," ती म्हणाली, "जागा नव्हती." आणि पुन्हा खोकल्याचं विचारू लागली.