लग्नाचं बोलावणं

मैत्रिणीच्या लेकीच्या लग्नातल्या शेवया माझ्या हातच्या होत्या. कुरडयाही. चीक हाटताना माझं मनगट भाजलं, तर मैत्रीणच म्हणाली, "राहू दे आता. घरची हायस म्हणून जीव काढतीस का?" त्याच लग्नाचं बोलावणं मात्र मला आलं नाही.

आम्ही मेंढरंवाले. घाटनांदूरला राहायला आलो तेव्हा हिची नि माझी नळावर ओळख झाली. पुढं माझी एकुलती लेक तापानं गेली. मी कुणाशी बोलेनाशी झाले, तेव्हा हिनंच हाताला धरून प्रार्थनेला नेलं. दारात माझा पाय अडखळला. आमच्या अंगाला मेंढराचा वास येतो, हे कुणी सांगायला नको. ती म्हणाली, "चल गं. येशूच्या घरी परकं कुणी न्हाई." प्रार्थना चालवणाऱ्या पाळकांनीही सतरंजीवर पुढं बसवलं. त्या दिवशी मी पोटभर रडले.

माझ्या भावकीला हे रुचलं नाही. जत्रेत बकरं कापलं की आमच्यात घरोघर वाटा जातो. माझ्या दारी तो यायचा बंद झाला. जाऊ म्हणाली, "तुजा देव तिकडं, तर वाटाबी तिकडंच माग." मी हसून सोडून दिलं. म्हटलं, इकडचं दार लागलं तर लागू दे, तिकडचं उघडं आहे.

लग्नादिवशी सकाळी मी ठेवणीतलं लुगडं नेसून उंबऱ्यात बसले. बोलावल्याशिवाय जायचं नाही, एवढा ताठा आमच्यातही असतो. वाटलं, गडबडीत विसरली असेल, आता कुणाला तरी धाडेल. मांडवातली गाणी माझ्या दारापर्यंत ऐकू येत होती. दुपारी पंगती उठल्या. मी लुगडं बदललं आणि मेंढरं सोडली.

मांडव निघाल्यावर ती लाडवांचा डबा घेऊन आली.

"नवरदेवाकडचे जुने ख्रिस्ती हायेत," ती खाली बघत म्हणाली. "तुजा अजून बाप्तिस्मा न्हाई. ही कोण, कावून आली, असं इचारलं असतं त्यांनी. लेकीचं लगीन होतं गं."

"मंग ह्यो वाटा हाय का उरलेलं?" मी विचारलं.

ती डबा ठेवून गेली. तो तिच्या पाठीवर फेकावा असं मला वाटलं. भावकीनं निदान तोंडावर सांगून तोडलं होतं. हिनं केसानं गळा कापला.

तरी रविवारी मी गेले आणि दारालगत बसले. पाळकांनी नेमकी येशूनं सांगितलेली मेजवानीची गोष्ट वाचली. बोलावलेले पाहुणे आले नाहीत, तेव्हा धन्यानं चाकराला बाहेर पाठवलं आणि लंगडे, आंधळे, वाटेवरचे, जे भेटतील ते आत आणवले, कारण त्याला घर भरलेलं हवं होतं. मैत्रिणीनं मान खाली घातली. मग मागं वळून माझ्याकडं पाहिलं आणि सतरंजीवर जरा सरकून जागा केली.

मी जाऊन बसले. माफ केलं म्हणून नाही, रागानंच बसले. ते घर तिचं नव्हतं, मेजवानीही तिची नव्हती. ती त्या चाकरासारखी नुसती निरोप घेऊन आलेली, आणि निरोप्याला दार लावायचा हक्क नसतो. तिचा खांदा माझ्या खांद्याला लागला तेव्हा मी अंग चोरून घेतलं, पण उठले नाही.